न वाचता मंजूर

लिफ्टचं दार मिटत असताना शेजारच्या रांगेत बसणारी टेस्टर घाईघाईने आत शिरली, ओल्या हातांनी केस मागे सारले आणि बाहेर ऊन आहे असं सांगावं इतक्या सहजपणे तिला म्हणाली, "अगं, तुझ्या डॉक्युमेंटात ते नव्हतंच म्हणे." लिफ्टमध्ये आणखी काही माणसं होती. त्यांना एकदम आपापल्या फोनमध्ये फार गोडी वाटू लागली. तिने विचारलं, काय नव्हतं? टेस्टर म्हणाली, तेच गं, रिकाम्या उत्तराबद्दलचं, कालपासून सगळे तेच बोलतायत. कोण बोलतंय हे विचारेपर्यंत मजला आला, दार उघडलं, टेस्टर खांद्यावरची पिशवी सावरत निघूनही गेली. ती तिथेच उभी राहिली. नव्हतं कसं? तिनेच तर लिहिलं होतं. लिहिताना बोटांना झालेली खुशीसुद्धा तिला आठवत होती. दार पुन्हा मिटू लागलं तेव्हा मागच्या कोणीतरी हळूच म्हटलं, बाई, उतरताय ना?

या कंपनीत ती लिहायचं काम करायची. प्रोग्रॅम नव्हे, प्रोग्रॅम कसे वापरायचे ते. हे काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते आणि ती कळूनही जगावं लागतं: आपण लिहिलेलं कोणी वाचत नाही. लोक अडले की डॉक्युमेंट उघडतात, पहिला परिच्छेद गाळतात, मधलं एक उदाहरण उचलतात आणि चालू लागतात. चाललं तर त्यांची हुशारी, नाही चाललं तर डॉक्युमेंट भिकार. तिने हे अंगाला लावून घ्यायचं कधीच सोडलं होतं. मग एजंट आले. एजंट म्हणजे माणसं नव्हेत. सांगितलेलं काम आपल्या आपण पायऱ्या पाडून करणारे प्रोग्रॅम. कंपनीचा कोड वर्षानुवर्षं साचलेला, सगळ्यात जुना वेगळ्या कोठारात ठेवलेला, आणि एकूण इतका की त्यात हवं ते शोधणं हेच एक काम होऊन बसलेलं. त्यासाठी एक शोधायचं टूल होतं, आणि आता ते टूल एजंटांनाही वापरायला द्यायचं ठरलं. कधी वापरायचं, कसं विचारायचं, आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे सगळं एजंटांना समजेल असं लिहून द्यायचं काम तिच्याकडे आलं. सुरुवातीला तिने नाक मुरडलं. मशीनला काय लिहायचं? पण पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की हा वाचक वेगळाच आहे. तो दर वेळी पहिल्या शब्दापासून वाचतो. कंटाळत नाही, गाळत नाही, मला माहितीये म्हणत नाही. तिने "शक्यतो" लिहिलं तर तो शक्यतो करतो आणि "कधीही नाही" लिहिलं तर कधीही नाही. उभा जन्म लिहिण्यात गेल्यावर तिला पहिला वाचक भेटला होता आणि तो माणूस नव्हता. हे तिने घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

जागेवर बसून तिने ते पान उघडलं. तिच्या हाताला घाई नव्हती. उलट तो नको इतका सावकाश चालला होता. टूलचं वर्णन. वापरायची उदाहरणं. उत्तरं जास्त आली तर काय करावं. आणि मग एकदम शेवट. मधला तो तुकडा नव्हता. तो तिला पाठ होता: काही सापडलं नाही, याचा अर्थ ते कुठेच नाही असा घेऊ नये, जुन्या कोठारातला कोड या शोधात येत नाही, काहीही काढून टाकण्याआधी तिथे वेगळं बघावं, किंवा माणसाला विचारावं. सगळ्या डॉक्युमेंटात हाच एक तुकडा तिचा होता, बाकीचं काय, कोणीही लिहिलं असतं. कोणत्याही टूलबद्दल लिहिताना ती आधी ते कुठे फसतं हे विचारायची. बनवणाऱ्यांना ते आवडायचं नाही, आईला मुलाची खोड विचारल्यासारखं व्हायचं. भिंगाने मात्र सांगितलं होतं.

भिंग म्हणजे ते टूल बनवणारा. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. शोधायचं टूल त्याने बनवलं तेव्हापासून तो सगळ्यांचा भिंग, आणि तिचा तर त्याहीआधीपासूनचा मित्र. दोघं एकाच सुमाराला लागले, एकाच खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसायचे. बाळंतपणाच्या रजेवरून ती परत येईपर्यंत तिची खुर्ची कोणी पळवू नये म्हणून त्याने खुर्चीवर महिनोन्महिने स्वतःचा कोट टाकून ठेवला होता. त्याची आई गेली तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो हिच्या शेजारी बसला होता आणि दोघं एकाच बाटलीतलं पाणी प्यायली होती. तर त्या भिंगाने, कोणी ऐकत नाही ना हे बघून, तिला सांगितलं होतं की जुनं कोठार शोधात घेतलं की टूल रखडतं, म्हणून ते बाहेर ठेवलंय, पुढेमागे घेऊ. फार बोंब नको मारूस, पण लिही. तिने लिहिलं. त्याने वाचलं, मान डोलावली, म्हणाला, "हे बरं केलंस. नाहीतर एखादा एजंट चालू गोष्ट मेलेली समजून पुरून टाकायचा." हे त्याचेच शब्द होते. आणि या आठवड्यात नेमकं तेच झालं होतं. साफसफाई करणाऱ्या एका एजंटाने एक लहानसा कोड कुठे वापरात आहे का म्हणून शोधलं, उत्तर रिकामं आलं, त्याने तो काढून टाकला. तो कोड जुन्या कोठारातला एक प्रोग्रॅम रोज वापरत होता. कंपनीची गिऱ्हाइकं म्हणजे डायलिसिसची केंद्रं. रुग्णांना उद्या तुमची पाळी आहे असा निरोप त्या प्रोग्रॅममधून जायचा. निरोप गेले नाहीत. बरेच जण सवयीने आले. काही आले नाहीत. एकटी राहणारी एक आजी आली नाही, तिच्या फुफ्फुसांत पाणी झालं, तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ती वाचली, पण तिचं काय झालं असतं हे सगळ्यांना समजलं होतं आणि म्हणून कोणीच ते बोलत नव्हतं. ही बातमी आली तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. पण त्या वाईट वाटण्याखाली कुठेतरी एक बारीकशी ऐटही होती. मी लिहिलं होतं ना. माझ्यापुरतं मी लिहिलं होतं.

ती ऐट आता तोंडात कडू झाली. तुकडा कोणी काढला ते बघायला काही कष्ट नव्हते. बदल करणारा: भिंग. खाली, बदल तपासून मंजूर करणारी व्यक्ती: ती स्वतः. तिचं छोटं चित्र, मान जरा तिरकी, हसरी. कानांच्या मागे काहीतरी गरम सुरू झालं आणि मानेवरून खाली उतरत गेलं.

कंपनीचा नियम असा की कोणताही बदल एकट्याने करायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी तो वाचून मंजूर करायचा. आणि तिचा नि भिंगाचा नियम असा की एकमेकांचं वाचायचं नाही. हे कधी ठरवलं नव्हतं. सुरुवातीला ती त्याचे बदल वाचायची, अर्धं कळायचं नाही. तो तिचे वाचायचा, जांभया द्यायचा. मग एक दिवस त्याने न वाचता मंजूर केलं आणि तिकडून ओरडून म्हणाला, तू लिहिलंयस ना, मग काय बघायचं. तिला इतकं बरं वाटलं होतं. तेव्हापासून त्याचा बदल आला की ती डोळे मिटून मंजूर करायची, आणि तिचा गेला की चहाचा कप ठेवायच्या आत मंजूर होऊन यायचा. बाकीचे चिडवायचे, यांचं लग्न झालेलं बरं. हा बदल आला होता तेव्हा ती दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसली होती, गाल सुजलेला; फोन थरथरला, भिंगाचं नाव दिसलं, तिने अंगठा टेकवला. एवढंच. त्या अंगठ्याला काहीही जाणवलं नव्हतं.

लहानपणी शाळेतून प्रगतिपुस्तक आलं की बाबा न बघता सही करायचे. वर्तमानपत्र खाली न ठेवता डावा हात पुढे करायचे, ती त्यावर पेन ठेवायची, ते हात बदलून सही करायचे आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरायचे. इतर मुलींचे वडील प्रत्येक आकड्यावर बोट ठेवतात, गणितात एवढे कसे म्हणून विचारतात, हे ऐकून तिला त्या मुलींची कीव यायची. आमच्या बाबांचा माझ्यावर विश्वास आहे, असं ती वर्गात सांगायची. एकदा ताईसमोरही म्हणाली. ताई केस विंचरत होती. ती आरशातूनच म्हणाली, विश्वास कसला, त्यांना कंटाळा आहे. ताईवर ती तेव्हा कितीतरी दिवस रुसली होती. आता इतक्या वर्षांनी, खुर्चीत बसल्या बसल्या, तिला बाबांचा तो पुढे आलेला डावा हात दिसला आणि पहिल्यांदाच त्या हातावरून पलीकडे त्यांच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटलं. पण चेहऱ्यापुढे वर्तमानपत्र होतं. आता घरी नवरा आहे, त्याचं औषधाचं दुकान. तो सगळं वाचतो. डब्यावरची तारीख, झाकणाखालचं बारीक, तिने बाजारातून आणलेल्या तेलाची पिशवीसुद्धा. ती त्याला हसते. तो म्हणतो, माणूस ओळखीचं आहे म्हणून चिठ्ठी न वाचता औषध द्यायचं का? ओळखीच्याचं तर जास्त वाचावं.

मग तिने भिंगाला आठवायला सुरुवात केली. जुन्या कपड्यांचे खिसे चाचपावेत तसा एकेक प्रसंग चाचपू लागली. यापूर्वी कधी? कुठे त्याने डोळा चुकवला होता? कुठे शब्द फिरवला होता? तो खुर्चीवरचा कोट, ते पायऱ्यांवरचं पाणी. दरम्यान कितीतरी जेवणं, कितीतरी भांडणं, तिच्या मुलीला त्याने शिकवलेली सायकल. काही सापडेना. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण शोधणाऱ्याला रिकाम्या उत्तरावर विसंबू नकोस असं जिने इतकं ठामपणे लिहून ठेवलं होतं, तिला आता स्वतःच्या रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. आपण कुठे बघितलंच नाही? कोणतं कोठार बाहेर ठेवलं? खरं म्हणजे सापडायला हवं म्हणून ती शोधत नव्हती. सापडू नये म्हणून शोधत होती, आणि तसं शोधणाऱ्याला कधी काही सापडत नाही.

दुपारच्या आधी मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे या सगळ्या विभागाच्या प्रमुख. आवाज कधी न चढवणाऱ्या, म्हणून सगळे त्यांना वचकून. काचेच्या खोलीत लांब टेबल, भिंग पलीकडे, मधे पाण्याच्या बाटल्या. बाईंनी आधी आजीबद्दल सांगितलं: काल घरी गेल्या, मुलगा परगावाहून आलाय. मग तिला विचारलं, रिकाम्या उत्तराबद्दलची सूचना लिहिलेली होती का? ती म्हणाली, होती. बाई म्हणाल्या, मग गेली कुठे? ती भिंगाकडे बघू शकली असती. तिने मुद्दाम बघितलं नाही. त्याला जागा दिली. तिला वाटलं, तो आता बोलेल. मी काढली, घाई होती, तिने वाचलं नव्हतं, एवढंच त्याने म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ती लगेच त्याच्या बाजूने उभी राहिली असती, हे तिला स्वतःच्या हाडांत ठाऊक होतं. खोलीतला गार वारा तिच्या घोट्यांवर येत होता. बाईंच्या पेनाचं बटण वाजलं. भिंगाने बाटली उघडली, घोट घेतला, झाकण नीट आवळलं.

"डॉक्युमेंट तिच्याकडे असतं," तो म्हणाला. "मी फक्त लांबी कमी करायचं सुचवलं होतं. शेवटचं तिने बघितलेलं आहे."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं ओढूनताणून खरं होतं. तिसरं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. तिने ते खोटं पाडायचं तर म्हणावं लागलं असतं की मी बघितलं नाही, मी याचं कधीच बघत नाही, आमचं असंच चालतं. म्हणजे तिनेच आपल्या हाताने त्या दोघांमधली सगळ्यात जवळची गोष्ट त्या टेबलावर निष्काळजीपणा म्हणून मांडायची. त्याला हे ठाऊक होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते इतकं स्वच्छ असतं, रक्ताचा थेंब नाही, टेबल पुसायलाही नको, हे तिला माहीत नव्हतं. बाई तिच्याकडे बघत होत्या. ती म्हणाली, "मंजुरी माझी आहे." बाईंनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं आणि सांगितलं की यापुढे एजंटांसाठीचं तिचं लिखाण दुसऱ्या विभागातली माणसं तपासतील, गैरसमज करून घेऊ नका, व्यवस्था म्हणून. तिचा एकुलता एक वाचक, आणि त्याच्यापर्यंत तिचा शब्द आता सरळ जाणार नव्हता.

जिन्यात भिंगाने तिला गाठलं. लिफ्ट सोडून ती जिन्याने जाणार हे त्याला न सांगता कळलं होतं, इतकी ओळख. चिडलीस ना, म्हणाला. मग भराभर बोलत सुटला. तो तुकडा असला की एजंट प्रत्येक रिकाम्या उत्तरापाशी थांबायचे, जुन्या कोठारात जाऊन उकरत बसायचे, माणसांना विचारत सुटायचे. मोठ्या गिऱ्हाइकापुढे टूल दाखवायचं होतं, वेग दिसायला हवा होता. पुढच्या आठवड्यात तो कोठारच शोधात घेणार होता, मग त्या तुकड्याची गरजच नव्हती. ते राहिलं. राहूनच गेलं. आत्ता त्याने कबूल केलं असतं तर टूलच अर्धवट आहे म्हणाले असते, त्याच्या टीमवर गदा आली असती, त्यात पोरंबाळं असलेली माणसं आहेत. तिचं काय, लिहिणाऱ्याला कोण काय करणार, चार दिवस बोलतील आणि विसरतील. तो खाली बघून बोलत होता आणि बोटाने कठड्याचा सुटलेला रंग सोलत होता. तिला वाटलं, याला माफ करायचं ठरवलं तर अजूनही करता येईल. तिने ते ठरवायला घेतलंही. मग एकच गोष्ट विचारायची राहिली होती म्हणून तिने विचारली.

"बदल माझ्याकडे का पाठवलास? तुझ्या आजूबाजूला अख्खी टीम बसते."

"ते वाचत बसले असते," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याने स्वतःचं बोलणं ऐकलं. कठड्यावरचं बोट थांबलं. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी दरवाजा उघडून मिटला, कोणीतरी हसत गेलं. तो काहीतरी म्हणायला लागला, म्हणजे तसं नाही, तुला कसं सांगू, आणि ती ऐकत होती, पण शब्द आता तिच्यापर्यंत येऊन तिच्या अंगावरून नुसते घरंगळत होते. इतकी वर्षं तिला वाटायचं, हा माझ्याकडे येतो कारण मी त्याची मैत्रीण. तो येत होता हे खरंच होतं. तो कोट खरा होता, पायऱ्यांवरचं ते पाणीही खरं असेल. पण त्या दिवशी, दातांच्या डॉक्टरकडे सुजलेला गाल धरून बसलेल्या तिच्याकडे त्याने तो बदल पाठवला तेव्हा त्याला मैत्रीण नको होती. त्याला न वाचणारं एक माणूस हवं होतं, आणि ते कुठे मिळेल हे त्याला नक्की ठाऊक होतं. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि लाज तिला का वाटावी याचा रागही आला, आणि मग त्या आजीची आठवण झाली, जी फोन उशाशी घेऊन निरोपाची वाट बघत झोपली असेल आणि निरोप आला नाही म्हणजे उद्या पाळी नाही असं समजली असेल. तिनेही विश्वासच ठेवला होता. ती म्हणाली, मला काम आहे, आणि पायऱ्या उतरून गेली.

ऊन खिडकीतून टेबलावर आलं तेव्हा भिंगाचा बदल आला. तो तुकडा परत घातलेला. खाली ओळ: कर पटकन, बाई वाट बघतायत. दुसऱ्या विभागाची माणसं उद्यापासून तपासणार होती. आज अजून तिचीच मंजुरी चालणार होती. तिचा अंगठा सवयीने पुढे झाला आणि तिथेच थांबला. तिने खुर्ची जवळ ओढली आणि वाचायला सुरुवात केली. त्याचं लिखाण ती कित्येक वर्षांत वाचत नव्हती. त्याला स्वल्पविरामाआधी जागा सोडायची सवय आहे हेही तिला नव्याने दिसलं. ती चूक शोधत होती. एखादी तरी असावी असं तिला फार वाटत होतं, एखादा गाळलेला शब्द, एखादी पळवाट, म्हणजे रागाला धरायला दांडी मिळाली असती. नव्हती. तिचाच तुकडा, तिचेच शब्द, जिथले तिथे. बदल अगदी बरोबर होता. ते बघून तिला सगळ्यात वाईट वाटलं, कारण आता तिच्या वाचण्याला त्या बदलात काही कारण उरलं नव्हतं. कारण दुसरीकडे होतं.

भिंग तिच्या टेबलाशी आला. झालं का, म्हणाला. मग पडद्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

"वाचतेयस?"

"हो."

"अगं, तुझंच वाक्य आहे ते."

"माहितीये," ती म्हणाली. "तरी वाचतेय."

तिच्या टेबलाशेजारची खुर्ची तो आजवर न विचारता ओढून बसत आला होता. आज त्याने ती ओढली नाही आणि तिनेही बस म्हटलं नाही. तो उभा राहिला, एखाद्या कचेरीत सहीसाठी उभं राहावं तसा, हात पुढे बांधून. तिने पान पुन्हा वर नेलं आणि पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.